वजन ज्येष्ठांचे, कलमे विम्याची

गुडघे, मधुमेह, रक्तदाब, रात्रीचे घोरणे अशा तक्रारी घेऊन साठी-सत्तरीची माणसे डॉक्टरांकडे जातात, तेव्हा ‘आधी वजन उतरवा’ हा सल्ला हमखास मिळतो. त्यासाठी लागणारा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न मात्र तिथे निघत नाही. तो प्रश्न विचारणाऱ्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या वाचकांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत.

आई ६८ वर्षांची आहे. वजन ८४ किलो, मधुमेह जुना आणि औषधे वाढवूनही आटोक्यात नाही, दोन्ही गुडघे गेलेले. सर्जनने जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे स्लीव्ह, सुचवली आहे. खासगी कंपनीची ५ लाखांची पॉलिसी सहा वर्षे चालू आहे. रुग्णालयाच्या विमा-डेस्कवर सांगितले, ‘लठ्ठपणा पॉलिसीत बसत नाही.’ खरे काय? (कोथरूड)

ते अर्धेच खरे आहे. विमा नियामक ‘आयआरडीएआय’ने २०१९मध्ये सर्व कंपन्यांसाठी वगळणुकीच्या कलमांची भाषा एकसारखी केली. तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘एक्सक्ल ०६’ हे कलम शोधा. लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया सरसकट वगळलेली नाही. अटी पूर्ण झाल्या नाहीत तरच ती वगळली जाते. अटी अशा: शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने हवी, तिला मान्य वैद्यकीय पद्धतीचा आधार हवा, रुग्णाचे वय किमान १८ हवे, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त हवा. बीएमआय ३५ ते ४० असेल तर सोबत चारपैकी एक आजार हवा, आणि शस्त्रक्रियेशिवायचे उपाय करून पाहिल्यावरही यश आलेले नसावे. ते चार आजार म्हणजे लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूला आलेला विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया आणि आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह.

या यादीत गुडघे नाहीत. वाढलेल्या वजनाने ज्येष्ठांना सर्वांत आधी घरात बसवतात ते गुडघेच, तरी कलमात त्यांना जागा नाही. त्यामुळे सर्जनच्या पत्रात ‘गुडघेदुखीसाठी वजन कमी करणे आवश्यक’ एवढेच असेल, तर दावा तिथेच पडतो. आईंची फाइल मधुमेहावर उभी करा.

उंची तुम्ही लिहिलेली नाही, आणि बीएमआयचे सगळे गणित तिच्यावर आहे. किलोमधले वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. उंची १५७ सेंटिमीटर धरली तर ८४ किलोला बीएमआय ३४.१ येतो, १५२ धरली तर ३६.४. म्हणजे पाच सेंटिमीटरच्या फरकाने आई कलमाच्या बाहेर तरी राहतात किंवा आत तरी येतात. मणक्याच्या चकत्या दबतात, पाठीला पोक येतो, त्यामुळे वयानुसार उंची कमी होते. जुन्या पासपोर्टवरची किंवा ‘मला आठवते तशी’ सांगितलेली उंची केसपेपरवर उतरली, की नंतरची खरी मोजणीही कंपनीला संशयास्पद वाटते. चप्पल काढून, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, रुग्णालयाच्या पट्टीवर उंची मोजून घ्या आणि तारीख-सहीसह नोंदवून घ्या. त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर तोच आकडा येतोय ना, हे स्वतः तपासा. दोन कागदांवर दोन उंची दिसणे हे दावा अडकण्याचे नेहमीचे कारण आहे.

आता ‘आधीचे उपाय फसले’ याचा पुरावा. तोंडी सांगितलेले चालत नाही. आहारतज्ज्ञाकडच्या भेटींच्या तारखा आणि प्रत्येक भेटीचे वजन, डॉक्टरांनी मधुमेहाची औषधे कधी आणि किती वाढवली त्याची प्रिस्क्रिप्शन्स, दर तीन महिन्यांचे एचबीए१सी (सरासरी साखरेची तपासणी) असे सहा महिन्यांचे कागद असतील तर हरकत घ्यायला फारशी जागा उरत नाही. घोरणे जोराचे असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. तासाला ३० किंवा अधिक वेळा श्वास अडत असेल तर तो तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे यादीतला आणखी एक आजार. सोबत टूडी-इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फिजिशियनचे स्वतंत्र पत्र जोडा. पत्रात कलमातलेच शब्द असावेत: ‘आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह, बीएमआय अमुक, अमुक काळ आहार-व्यायाम-औषधोपचार करूनही अपयश.’

पॉलिसीला सहा वर्षे झाली आहेत. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेची प्रतीक्षा (ज्या काळात दावा मिळत नाही) आणि आधीपासूनच्या आजारांची प्रतीक्षा, दोन्हींची कमाल मर्यादा आता ३६ महिने आहे. सलग ६० महिने झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ‘माहिती लपवली’ या कारणाने कंपनी दावा नाकारू शकत नाही. मात्र मध्ये विम्याची रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेची प्रतीक्षा वाढवल्या दिवसापासून नव्याने मोजतात. रक्कम मागच्या वर्षीच ३ लाखांवरून ५ लाख केली असेल, तर हिशेब ३ लाखांचाच धरा.

कॅशलेसची विनंती दाखल होण्याआधी करावी, त्यावर एका तासात निर्णय देणे कंपनीवर बंधनकारक आहे. वयाचे म्हणाल, तर सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत वयाची वरची मर्यादा नाही, रुग्ण किती सशक्त आहे हे पाहायला सांगितले आहे. शस्त्रक्रियेनंतर बी१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते. पॉलिसीतला दाखल झाल्यानंतरचा ठरलेला काळ संपला, की तो खर्च घरचा.

आणि एक गोष्ट ठामपणे मांडायला हवी. भारतीयांना मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनावरच गाठतात, म्हणून इथले सर्जन सोबत आजार असेल तर ३२.५ आणि नसेल तर ३७.५ ही मर्यादा पूर्वीपासून मानत आले आहेत. विम्याचे कलम अजून ३५ आणि ४०वर आहे. ३३ बीएमआय आणि आटोक्याबाहेरचा मधुमेह असलेल्या माणसाला सर्जन शस्त्रक्रिया सुचवतात आणि विमा नाही म्हणतो, त्याचे मूळ या फरकात आहे. नियामकाने हे आकडे बदलायला हवेत.

मी ७२ वर्षांचा आहे. आयुष्मान वय वंदना कार्ड काढले आहे. वजन कमी करण्याचे इंजेक्शन आणि आहारतज्ज्ञाची फी त्यातून मिळेल का? (हडपसर)

नाही. हे कार्ड रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. २९ ऑक्टोबर २०२४पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे संरक्षण मिळू लागले. प्रतीक्षा काळ नाही, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, ही त्याची मोठी बाजू. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस त्यात येतात. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी, दुकानातून आणायची औषधे, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपीच्या नियमित फेऱ्या यांपैकी काहीही येत नाही. घरात तुम्ही आणि पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असाल तर ५ लाख दोघांत मिळून आहेत.

गुडघ्याचे सांधेरोपण, अँजिओप्लास्टी, डायलिसिस यांची पॅकेजेस या योजनेत आहेत. म्हणजे वजनामुळे सांधा, हृदय किंवा मूत्रपिंड निकामी झाल्यावर सरकार लाखांत खर्च करते, आणि तिथवर पोचू नये म्हणून लागणारे वर्षभराचे काही हजार मात्र देत नाही. बदलायला हवे ते इथे, आणि त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

तूर्त दोन गोष्टी करा. औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथल्या असंसर्गजन्य आजारांच्या आणि ज्येष्ठांच्या बाह्यरुग्ण विभागाचे वार विचारून जा. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, साखरेच्या तपासण्या आणि फिजिओथेरपी यांचा भार तरी तेवढा हलका होतो. आणि दाखल होण्याची वेळ आलीच, तर आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठून ‘या उपचाराचे पॅकेज आहे का आणि या रुग्णालयाला त्यासाठी मान्यता आहे का’ हे दोन्ही प्रश्न विचारा. रुग्णालय यादीत असते, पण ती विशिष्ट शाखा नसते, असे होते. शंका आली तर १४५५५ या क्रमांकावर विचारा.

खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालो, सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) कार्ड आहे. वय वंदना कार्डही काढावे का? (रेंजहिल्स)

दोन्ही एकत्र चालत नाहीत, एक निवडावे लागते. सीजीएचएसमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आणि वेलनेस सेंटरमधून औषधे मिळतात, वय वंदनामध्ये नाहीत. वजन, साखर, रक्तदाब अशा सतत औषध लागणाऱ्या तक्रारींसाठी सीजीएचएस सोडू नका. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला तिथे पूर्वपरवानगी लागते, आधी शस्त्रक्रिया आणि मग अर्ज असे करू नये. खासगी पॉलिसी किंवा ईएसआयसी (कामगार विमा) असणाऱ्यांना मात्र वय वंदना कार्डही घेता येते.

वडील ७१ वर्षांचे, वजन ९२ किलो. डॉक्टरांनी आठवड्याचे इंजेक्शन सुरू केले. महिन्याला खूप पैसे जातात. विमा कंपनी देईल का? आणि या वयात ते सुरक्षित आहे का? (सिंहगड रस्ता)

नेहमीच्या पॉलिसीतून नाही, कारण हे औषध घरी घ्यायचे आहे. काही पॉलिसींना ओपीडीची जोड घेता येते. ती असेल तर तिची वार्षिक मर्यादा पाहा आणि ‘वजन नियंत्रण’ वेगळे वगळले आहे का तेही वाचा. इंजेक्शन मधुमेहासाठी दिले असेल तर प्रिस्क्रिप्शनवर निदान म्हणून मधुमेह लिहिलेला हवा. मधुमेह नसताना तसे लिहून घेऊ नका. ती फसवणूक ठरते आणि पुढे मोठा दावा येईल तेव्हा सगळी पॉलिसीच धोक्यात येते.

किमतीचा अंदाज असावा म्हणून सांगतो. टिर्झेपाटाइड (माउंजारो) हे आठवड्याचे इंजेक्शन मार्च २०२५मध्ये भारतात आले, तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला १४,००० ते १७,५००. दुसरे, सेमाग्लुटाइड (वेगोव्ही), जून २०२५मध्ये आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याची किंमत बरीच उतरवली गेली. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६पर्यंतची. त्यापुढे इतर कंपन्यांना ते बनवता येते, म्हणून डॉक्टरांना ‘याच घटकाचे स्वस्त औषध चालेल का’ असे स्पष्ट विचारा. औषध बदलायचे ते त्यांच्या सांगण्यावरूनच, कारण पेनची रचना आणि मात्रा वेगळी असू शकते.

पैशाचा विचार सुरुवातीलाच करा, कारण हे औषध दोन-चार महिन्यांत संपणारे नाही. सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात औषध बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. ज्येष्ठांच्या बाबतीत याचा तोटा दुहेरी असतो: वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि परत येताना मुख्यतः चरबीच येते. चार महिने घेऊन पैशाअभावी सोडण्यापेक्षा न घेतलेले बरे, असे आमचे मत आहे.

सुरक्षिततेबद्दल. मात्रा हळू चढवायची असते: सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने सुरू करून किमान चार-चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि २.४, टिर्झेपाटाइड २.५ने सुरू करून चार आठवड्यांनी ५. सत्तरीत याहून सावकाश गेले तरी चालते. मळमळत असताना पुढची पायरी चढू नये. आणि पुढील गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगा:

– ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांची मात्रा सहसा कमी करावी लागते, नाहीतर साखर खाली जाते. वडील चतुर्थी-एकादशीला उपास करत असतील तर त्या दिवशी हा धोका सर्वाधिक.
– लघवीची गोळी (डाययुरेटिक) चालू असेल आणि उलट्या-जुलाब झाले, तर शरीरातले पाणी कमी होऊन मूत्रपिंडावर ताण येतो. दिवसभर काही पोटात राहत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या भेटीची वाट पाहू नका.
– पोटात वरच्या भागात सतत दुखून पाठीत कळ जात असेल तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. इंजेक्शन थांबवून रुग्णालय गाठा.
– घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल तर हे औषध देत नाहीत.
– डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला असेल तर आधी पडदा तपासून घ्या, साखर झपाट्याने उतरल्यावर तो विकार वाढू शकतो.
– कोणतीही भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना या इंजेक्शनबद्दल सांगा. जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे नेहमीएवढे उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकते आणि ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

वजन उतरले की रक्तदाबही उतरतो आणि जुन्याच मात्रेच्या गोळ्या जास्त होतात. सकाळी उठताना चक्कर येत असेल तर बसून आणि उभे राहून असा दोनदा रक्तदाब मोजा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा. या वयात पडून खुब्याचे हाड मोडले तर वजन उतरवल्याचा सगळा फायदा जातो.

सासूबाईंनी भात-पोळी सोडून फक्त सूप आणि फळांवर राहायला सुरुवात केली. तीन महिन्यांत ७ किलो उतरले, पण आता जिना चढवत नाही. हे बरोबर आहे का? (चिंचवड)

नाही. जिना चढवत नाही याचा अर्थ स्नायू गेले. घरच्या घरी चाचणी करा: हात छातीवर घडी करून खुर्चीवरून पाच वेळा उठायला आणि बसायला किती सेकंद लागतात ते मोजा. १२ किंवा अधिक लागले तर शारीरिक क्षमता कमी आहे असे आशियाई निकष सांगतात. तोल जात असेल तर ही चाचणी फिजिओथेरपिस्टसमोरच करावी.

ज्येष्ठांच्या वजनावरचा एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेत २०११मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६५ किंवा अधिक वयाचे १०७ लठ्ठ लोक होते, आणि अभ्यास एक वर्षाचा होता. नुसता आहार कमी केलेल्यांचे वजन १० टक्क्यांनी उतरले, आहार आणि व्यायाम दोन्ही केलेल्यांचे ९ टक्क्यांनी. वजन जवळजवळ सारखेच उतरले, पण चरबी वगळता उरणारे वजन पहिल्या गटात ५ टक्क्यांनी घटले, दुसऱ्यात ३ टक्क्यांनी. खुब्याच्या हाडाची घनता पहिल्यात सुमारे ३ टक्क्यांनी, दुसऱ्यात १ टक्क्याने. आणि उठणे, चालणे, जिना चढणे यांची क्षमता पहिल्यात १२, तर दुसऱ्यात २१ टक्क्यांनी सुधारली. म्हणून वजनाच्या काट्याबरोबर खुर्चीची ती चाचणीही दर महिन्याला लिहून ठेवा. वजन उतरतेय आणि सेकंद वाढताहेत, तर आहार चुकतोय.

सूप आणि फळे यांत प्रथिने जवळपास नसतात. सासूबाईंना दिवसाला साधारण ६० ते ७० ग्रॅम प्रथिने हवीत, तीही तीन-चार वेळांत विभागून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. शाकाहारी घरात तो गाठायला थोडे मोजमाप लागते. सकाळी ५० ग्रॅम बेसनाची धिरडी आणि वाटीभर दही, सुमारे १६ ग्रॅम. दुपारी ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, एक ज्वारीची भाकरी, ताक, तेवढेच. चारच्या सुमारास कपभर दूध आणि मूठभर फुटाणे, १२ ते १३. रात्री एक पोळी, वाटीभर वरण आणि ७५ ग्रॅम पनीर, सुमारे २०. कात्री लावायची ती तेल, साखर, शेंगदाण्याचा कूट, फरसाण आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी यांना. रोजच्या आहारातून ५०० कॅलरी कमी केल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरते, या वयात त्याहून घाई नको.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, सलग दिवशी नाही. खुर्चीवरून उठ-बस १० वेळा, ओट्याला धरून टाचा उचलणे १० वेळा, भिंतीवर हात टेकून दंड १० वेळा, रबरी पट्टा ओढणे १० वेळा. सगळ्याच्या दोन फेऱ्या. सोपे वाटू लागले की फेरी वाढवा. सारसबागेत रोज तासभर चालणे चांगलेच आहे, पण नुसत्या चालण्याने मांडीची ताकद भरून येत नाही. गुडघा सुजलेला किंवा गरम असेल त्या दिवशी उठ-बस सोडा, बाकीचे करा.

वजनाशी संबंधित दावा ‘सौंदर्योपचार’ म्हणून नाकारला. आता काय? (बाणेर)

आधी नकाराचे पत्र लेखी मागा. पॉलिसीचे नेमके कोणते कलम, हे त्यात लिहिणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि कंपनीच्या दावा-आढावा समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही. तुमचा उपचार लायपोसक्शन (चरबी ओढून काढणे) असेल तर पुढे जाऊ नका, तो सौंदर्योपचारातच धरला जातो. स्लीव्ह किंवा जठराचे बायपास असेल आणि वरच्या अटी पूर्ण असतील, तर सौंदर्योपचाराचे कलम लागूच होत नाही, कारण लठ्ठपणासाठी वेगळे कलम आहे. पत्रात हाच मुद्दा मांडा.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जा. पुण्याचे कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावरच्या जीवनदर्शन इमारतीत आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा. लोकपालांचा निवाडा कंपनीला ३० दिवसांत पाळावा लागतो, तुम्हाला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो. अर्जाला उंची-वजनाची नोंद, सहा महिन्यांचे कागद आणि कलमाची छायाप्रत जोडा. लांबलचक कैफियत लिहू नका, अटी एकेक करून त्यापुढे पुराव्याचा पान क्रमांक द्या.

धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो, ६९ वर्षांचा. तो म्हणतो तिथल्या मेडिकेअरमध्येही वजनाची औषधे मिळत नव्हती. मग आपण सरकारकडे मागायचे तरी काय? (सदाशिव पेठ)

भाऊ बरोबर सांगतात. मेडिकेअर ही तिथली ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना. तिची औषध-योजना ज्या कायद्याने २००३मध्ये आली, त्यातच वजन कमी करण्याची औषधे वगळली होती. मार्च २०२४मध्ये सेमाग्लुटाइडला हृदयविकार असलेल्या लठ्ठ व्यक्तींसाठी परवानगी मिळाली, आणि तेवढ्या कारणापुरते ते देण्याची वाट मोकळी झाली. सरसकट लठ्ठपणासाठी द्यावे असा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४मध्ये आला, एप्रिल २०२५मध्ये तो सोडून दिला गेला, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये कंपन्यांशी दर ठरवून २०२६च्या मध्यापासून काही रुग्णांना महिन्याला ५० डॉलर भरून औषध मिळेल अशी घोषणा झाली.

औषधांवरून एवढी ओढाताण झाली, पण त्याच मेडिकेअरमध्ये २०११पासून दुसरी एक सोय आहे आणि आपण मागायची ती तीच. बीएमआय ३० किंवा जास्त असेल तर नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आहार-व्यायामाचे मार्गदर्शन विनामूल्य मिळते: पहिला महिना दर आठवड्याला, सहाव्या महिन्यापर्यंत पंधरवड्याला, आणि तोवर किमान ३ किलो उतरले असतील तर वर्षअखेरपर्यंत महिन्याला. भेटी ठरलेल्या आणि पुढे चालू ठेवण्याची अटही मोजता येण्यासारखी.

वय वंदना कार्डाला असेच वर्षभराचे बाह्यरुग्ण पॅकेज जोडता येईल. त्यात ठरावीक भेटी, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्टकडून ताकदीचे व्यायाम, आणि वर्षातून दोनदा एचबीए१सी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या असाव्यात. आपल्याकडे बीएमआयचा आकडा २५ धरावा, आणि पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त कंबर हाही निकष असावा, कारण उंची घटलेल्या माणसात नुसता बीएमआय फसवतो. महागडी इंजेक्शने सगळ्यांना देणे आज सरकारला झेपणार नाही. ती आधी हृदयविकार असलेल्यांना द्यावीत. हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांवरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी केले, त्यामुळे त्या गटात खर्चाचे समर्थन होते.

मागणी करताना आकडेवारीचाही मुद्दा मांडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वजनाचे आकडे स्त्रियांचे १५ ते ४९ आणि पुरुषांचे १५ ते ५४ या वयांचे असतात. साठीपुढच्यांचे वजन त्या आकड्यांत येतच नाही, आणि चर्चा त्याच आकड्यांवर होते.

आणि एक लक्षात ठेवा: तुम्ही पर्यटक व्हिसावर भावाकडे गेलात तर मेडिकेअर मिळत नाही. ग्रीनकार्डवर सलग पाच वर्षे राहिल्यावरच ते विकत घेता येते.

पगारातून विमा नाही, पेन्शन बेताची. आहारतज्ज्ञ आणि औषधांवर खर्च होतो. करात काही सूट? (कात्रज)

साठीपुढच्या व्यक्तीचा आरोग्यविमा नसेल, तर वैद्यकीय खर्चाची वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. जुन्या आयकर कायद्यातली ही ८०डीची तरतूद. अट दोन गोष्टींची: जुनी करप्रणाली निवडलेली हवी, आणि पैसे रोख दिलेले नसावेत. यूपीआय, कार्ड किंवा चेकने द्या आणि बिलावर रुग्णाचे नाव घ्या.

आई घरकाम करते, वय ६४. वजन जास्त, साखर जास्त. सत्तरीची अट असल्याने वय वंदना कार्ड मिळत नाही. कुठे जावे? (येरवडा)

रेशनकार्ड असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पिवळे, केशरी किंवा पांढरे कोणतेही कार्ड चालते. पण तेही दाखल होण्यासाठी, मदत क्रमांक १५५३८८. रोजच्या तपासणीसाठी औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा महापालिकेचा जवळचा दवाखाना.

पुण्यातली अनेक मोठी खासगी रुग्णालये धर्मादाय न्यासांची आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन थेट वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, बिलिंगच्या खिडकीवर नको. दाखल होताना अर्ज करा, बिल झाल्यावर केलेल्या अर्जाला दाद मिळणे अवघड जाते. खाट शिल्लक नाही असे सांगितले तर तसे लिहून मागा आणि तो कागद घेऊन धर्मादाय सहआयुक्तांच्या पुण्यातल्या कार्यालयात तक्रार करा.